सिडनी ते लंडन : जाताना पर्थवरून, येताना सिंगापूरवरून

सिडनी आणि लंडन या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर साधारण १७,०२० किलोमीटर आहे. अंतर मोजून देणाऱ्या कुठल्याही साधनात ही दोन नावं टाकली की हा आकडा येतो आणि त्याखाली अंदाजे वेळ येते : एकोणीस-वीस तास. मात्र आम्ही तिकिटं काढली तेव्हा या दोन शहरांना न थांबता जोडणारं एकही नियमित विमान नव्हतं. कुठे ना कुठे उतरावंच लागतं आणि मग एकोणीस तासांचे बावीस, चोवीस, कधी तीस तास होतात. अंतर ठरलेलं असतं, वेळ मात्र दर दिवशी, दर दिशेला नव्याने ठरते. ती कशी ठरते हे मला प्रत्यक्ष प्रवासात बघायचं होतं. म्हणून जाताना पर्थवरून आणि येताना सिंगापूरवरून असा बेत आखला. सोबत भाचा होता. न्यू साउथ वेल्समध्ये जुलैत शाळांना हिवाळी सुट्टी असते, आणि विमानांचं वेड त्याला माझ्यापेक्षा जास्त.

पहिला दिवस : आल्बियन पार्क

विमानतळावर जाण्याआधी एक विमान बघायचं होतं. सिडनीच्या दक्षिणेला, वोलाँगाँगच्या पुढे, आल्बियन पार्क इथे शेलहार्बरचा छोटासा विमानतळ आहे. तिथे हार्स नावाचं विमान संग्रहालय आहे. तिथे उभं असलेलं बोइंग ७४७-४००, नोंदणी व्हीएच-ओजेए, नाव ‘सिटी ऑफ कॅनबेरा’, हे सिडनी-लंडन अंतराच्या इतिहासातलं फार महत्त्वाचं विमान आहे. १९८९ च्या ऑगस्टमध्ये ते लंडनहून निघालं आणि कुठेही न उतरता सिडनीला पोचलं. वेळ लागला २० तास ९ मिनिटं.

हे ऐकायला सोपं वाटतं. विमानाभोवती फिरताना तिथल्या एका निवृत्त स्वयंसेवकाने ते कसं जमवलं ते सांगितलं तेव्हा त्यातली ओढाताण कळली. विमानात तिकीट काढलेला एकही प्रवासी नव्हता. टाक्यांमध्ये नेहमीपेक्षा घन असं खास इंधन भरलं होतं, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा मावते. धावपट्टीच्या टोकापर्यंत विमान स्वतःच्या इंजिनांवर गेलंच नाही, ते ओढून नेलं, कारण जमिनीवर सरपटण्यात जाणारं इंधनसुद्धा त्यांना वाचवायचं होतं. भाच्याने विचारलं, “मामा, मग एकदा जमलं तर रोज का नाही केलं?” उत्तर समोरच होतं. माणसं आणि सामान भरलं की इंधनाला वजनात जागा उरत नाही. एका दिवसासाठी जे साधलं ते रोजच्या धंद्याला परवडणारं नव्हतं.

लांब उड्डाणाचं सगळं कोडं या वजनात आहे. इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळतं. दहाव्या तासाला लागणारं इंधन पहिले नऊ तास उचलून न्यावं लागतं, आणि त्या उचलण्याचा खर्च वेगळा. म्हणून एका मर्यादेनंतर मध्ये उतरून पुन्हा भरणं हे न थांबता जाण्यापेक्षा कमी इंधनात होतं. न थांबण्यात वाचतो तो फक्त वेळ.

याच संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन हे पंख्यांच्या इंजिनांचं जुनं प्रवासी विमान आहे आणि पाण्यावरून उडणारं एक कॅटालिनाही. कॉन्स्टेलेशनचं हे नंतरचं, लांब केलेलं रूप. तिच्या आधीच्या पिढीतल्या विमानाने १ डिसेंबर १९४७ ला सिडनीहून लंडनची पहिली नियमित सेवा सुरू केली. त्या विमानात २९ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे घेत, त्यातल्या सिंगापूर आणि कैरोला रात्रीचा मुक्काम करत, चौथ्या दिवशी लंडन गाठलं. कांगारूसारख्या उड्या मारत जायचं म्हणून हा ‘कांगारू रूट’. आजही हेच नाव चालतं. ७४७ च्या पोटाखाली उभं राहून समोरच्या कॉन्स्टेलेशनकडे बघितलं की चार दिवसांपासून वीस तासांपर्यंतची वाट एका नजरेत मावते. फक्त यासाठी आल्बियन पार्कला जायला हरकत नाही.

दुसरा दिवस : रोझ बे, आणि पृथ्वीगोलावरचा दोरा

सिडनीच्या बंदरात रोझ बे नावाची शांत खाडी आहे. १९३८ मध्ये इथूनच लंडनच्या प्रवासाला निघत. धावपट्टी नव्हतीच. पाण्यावर तरंगणारी एम्पायर जातीची विमानं होती आणि प्रवास साउदम्प्टनपर्यंत नऊ-दहा दिवसांचा. दिवसा उडायचं, रात्री उतरून हॉटेलात झोपायचं. भारतातले थांबेही पाण्यावरचे : राजसमंदचा तलाव, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता. आज कुणी सिडनीहून लंडनला जाताना राजस्थानातल्या तलावात उतरलो असं सांगितलं तर विश्वास बसणार नाही. खाडीत अजूनही छोटी समुद्री विमानं पर्यटकांना घेऊन उडतात. आम्ही बाकावर बसून बराच वेळ ती बघितली.

संध्याकाळी बहिणीच्या घरी भाच्याचा पृथ्वीगोल काढला आणि एक दोरा घेतला. सपाट नकाशावर सिडनी-लंडन रेषा काढली तर ती हिंदी महासागरावरून, अरबस्तानावरून जाते असं दिसतं. दोरा गोलावर ताणून धरला की तो भलतीकडेच जातो : मोलुकास बेटं, फिलिपिन्सच्या पश्चिमेचा समुद्र, मग चीन, कझाकस्तानचा उत्तर भाग, रशिया आणि बाल्टिक. दोऱ्याचा मध्यबिंदू येतो चीनच्या सिचुआन भागात. यालाच ग्रेट सर्कल म्हणतात, गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता. “म्हणजे आपण चीनवरून जाणार?” भाचा म्हणाला. नाही. हा दोरा म्हणजे अंतराचा आकडा, प्रत्यक्ष वाट नव्हे. २०२२ च्या फेब्रुवारीपासून कितीतरी पाश्चात्त्य विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे.

दोऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. लंडन ते सिंगापूर सुमारे १०,८८० किलोमीटर, सिंगापूर ते सिडनी सुमारे ६,३००. बेरीज १७,१८०. थेट अंतराहून फक्त दीड-पावणेदोनशे किलोमीटर जास्त, म्हणजे शंभरात एक. नकाशावर सिंगापूर या ताणलेल्या दोऱ्यापासून बरंच दूर दिसतं, तरी वळसा जवळजवळ शून्य. कारण असं की ही दोन शहरं पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांना आहेत. अर्ध्या पृथ्वीचा घेर वीस हजार किलोमीटर आणि यांच्यातलं अंतर सतरा हजार. अगदी विरुद्ध टोकाच्या दोन बिंदूंमध्ये कुठल्याही दिशेने निघा, अंतर सारखंच पडतं. जितकं त्या टोकाजवळ जावं तितकी वाटांची निवड मोकळी होते. म्हणून दुबई, दोहा, सिंगापूर, हाँगकाँग अशी इतकी वेगवेगळी शहरं याच प्रवासाचे थांबे म्हणून चालतात.

पर्थवरून गेलं तर ३,२८४ अधिक १४,४९९, म्हणजे १७,७८३ किलोमीटर. साडेसातशे किलोमीटरचा वळसा. तरीही आम्ही ती वाट घेतली, कारण तिच्यात एक सलग पल्ला सतरा तासांचा आहे.

तिसरा दिवस : सिडनी ते पर्थ

देशांतर्गत उड्डाण, पण अंतर लंडन ते मॉस्कोपेक्षा जास्त. वेळापत्रकात जाताना पाच तास आणि परतीला चार तासांहून थोडे जास्त असं लिहिलेलं असतं. एकच रस्ता, एकाच जातीचं विमान, आणि तासाभराचा फरक. हा वाऱ्याचा फरक आहे.

दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरून, साधारण तीस अंश अक्षांशाच्या पट्ट्यात, उपोष्ण जेट स्ट्रीम वाहते. ही नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरची पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी हवेची नदी. प्रवासी विमानंही त्याच उंचीवर उडतात. समोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आत-बाहेर दिसत होता. हवेतून विमान ८५० ने जात होतं, उरलेले दीडशे वारा परत घेत होता. वैमानिकाने सांगितलं की वारा टाळण्यासाठी आज आपण थोडं दक्षिणेकडून चाललो आहोत. खाली ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटचा वाकलेला किनारा आणि मग नलरबोरचं झाड नसलेलं पठार. पर्थला उतरलो तेव्हा घड्याळ दोन तास मागे घेतलं.

इथे एक बारीक पण कामाची गोष्ट. तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. गेटवरून विमान मागे ढकललं जातं तेव्हापासून पोचल्यावर गेटला लागेपर्यंतचा तो काळ, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंतची सरपट, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या हे सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणून एखादं विमान उशिरा सुटूनही वेळेवर पोचतं.

चौथा दिवस : पर्थ, स्वॉन नदी आणि रात्रीचं विमान

सकाळ मोकळी होती. आम्ही क्रॉलीला स्वॉन नदीच्या काठी गेलो. नदी तिथे इतकी रुंद होते की सरोवरच वाटतं. हार्समध्ये बघितलेल्या जातीची कॅटालिना विमानं दुसऱ्या महायुद्धात याच पाण्यावरून उडत.

१९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग मधोमध तुटला. १९४३ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने पर्थ ते श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत थेट उड्डाणं सुरू केली. अंतर साडेपाच हजार किलोमीटरहून अधिक. कॅटालिनाचा वेग ताशी दोनशेच्या आसपास, त्यामुळे वेळ लागायचा २७ तासांपासून ३२ तासांपर्यंत. प्रवासी फार तर तीन, आणि सत्तर किलोच्या आत टपाल. जपानी विमानांच्या टापूतून जायचं म्हणून रेडिओ बंद. दिशा ताऱ्यांवरून काढायची. निघताना इंधनाचं ओझं इतकं असे की सुरुवातीच्या तासांत एक इंजिन बंद पडलं असतं तर विमान हवेत टिकलं नसतं. वाटेत दोनदा सूर्य उगवताना दिसायचा म्हणून ही ‘डबल सनराइज’ उड्डाणं, आणि प्रवाशांना तसं प्रमाणपत्र मिळायचं. युद्ध संपेपर्यंत असे २७१ फेरे झाले. मी बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिलो. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मनात निव्वळ आदर दाटून येतो. भाच्याने हिशोब केला : आज रात्री तेवढंच अंतर आपण साडेसहा तासांत जाणार, बसल्या जागी.

संध्याकाळी पावणेसातला लंडनचं विमान. बोइंग ७८७-९. ही सेवा २०१८ च्या मार्चमध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलिया आणि युरोप यांना न थांबता जोडणारी ती पहिलीच नियमित सेवा. २३६ आसनं, चार वैमानिक आळीपाळीने. टाक्या पूर्ण भरल्या तर सव्वा लाख लिटरहून जास्त, म्हणजे शंभर टन इंधन. विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन २५४ टन. म्हणजे हवेत चढणाऱ्या वजनात पाच भागांतले दोन भाग फक्त जळायला नेलेले. या विमानाचा सांगाडा बराचसा कार्बन तंतूंच्या मिश्रणाचा असल्याने आतला हवेचा दाब जास्त ठेवता येतो. जुन्या विमानांत तो आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, इथे सहा हजार फुटांइतका. पहिल्या दोन तासांत हा फरक कळत नाही, बाराव्या तासाला कळतो.

पर्थहून निघाल्यावर लवकरच आमची वाट आदल्या दिवशीच्या वाऱ्यातून बाहेर पडली. वायव्येला, विषुववृत्ताकडे. मग जुलैचं एक बक्षीस मिळालं. मान्सूनच्या महिन्यांत दक्षिण भारत आणि हिंदी महासागराच्या वर, खूप उंचावर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो ओळखला आणि अभ्यासला. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं, त्याच्या वरची हवा तापते, आणि दक्षिणेच्या तुलनेने थंड हवेशी जो फरक पडतो त्यातून हा पूर्वेचा वारा तयार होतो. त्याचा गाभा विमानांच्याही वर, चौदा-पंधरा किलोमीटरवर असतो, पण त्याची खालची कड आम्हाला लाभली. श्रीलंकेच्या दक्षिणेला पडद्यावरचा वेग ९५० च्या वर गेला. ज्या वाऱ्यांच्या रचनेतून खाली पाऊस पडतो त्यातलाच एक वारा आम्हाला पाठीमागून ढकलत होता, या विचाराने झोप उडाली ती उडालीच.

पर्थ-लंडन ग्रेट सर्कल मी आधी हाताने मोजून ठेवलं होतं. ती रेषा श्रीलंका आग्नेयेकडून वायव्येकडे ओलांडते, तामिळनाडू-कर्नाटकवरून तिरकी जाते आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात उतरते. तिचा मध्य १७.६ अंश उत्तर, ७१.७ अंश पूर्व. म्हणजे दाभोळच्या समोर, समुद्रात साधारण दीडशे किलोमीटर आत. पर्थ आणि लंडन दोघांपासून सव्वासात हजार किलोमीटरवर आपलं कोकण! पुढे ती इराण, येरेवानच्या आसपासचा आर्मेनिया, काळा समुद्र आणि पश्चिम युक्रेन अशी जाते.

प्रत्यक्षात विमान त्या रेषेवर राहिलं नाही. मालदीवच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त आणि मग भूमध्य समुद्र. इराणचं आकाश टाळायचं आणि युक्रेनचं तर २०२२ पासून नागरी विमानांना बंदच. साडेचौदा हजारांचे जवळपास पंधरा हजार किलोमीटर झाले. आकाशात सीमा दिसत नाहीत, पण पडद्यावरच्या त्या वाकलेल्या रेषेत त्या स्पष्ट दिसतात. खाली कुठेतरी माणसं युद्धात आहेत म्हणून आपला रस्ता लांबला, हे त्या अंधारात फार टोचतं.

इंधन जळत गेलं तसं विमान हलकं होत गेलं आणि टप्प्याटप्प्याने वर चढलं. सुरुवातीला तेहेतीस-चौतीस हजार फूट, शेवटी चाळीस हजार. हलक्या विमानाला विरळ हवेत कमी इंधन लागतं.

पाचवा दिवस : एक लांब रात्र आणि लंडन

पर्थला सूर्य मावळला तो साडेपाचच्या सुमारास. त्यानंतर आम्ही पश्चिमेला, म्हणजे रात्रीच्याच दिशेने, पळत राहिलो. इजिप्तवर अंधार, ग्रीसजवळ अंधार. इटलीच्या जवळ उजव्या खिडकीत पहिली नारिंगी कड दिसली. सूर्यास्त ते सूर्योदय सतरा तासांची ती रात्र होती. हीथ्रोला उतरलो तेव्हा स्थानिक वेळ पहाटे पाचच्या पुढे काही मिनिटं. गेटला लागेपर्यंत सतरा तास तीस मिनिटं झाली होती.

दिवस कसाबसा जागून काढला. शरीराच्या दृष्टीने दुपार झाली होती आणि लंडनमध्ये दूधवाले निघाले होते. पश्चिमेला गेल्यावर दिवस लांबतो आणि लांबलेला दिवस शरीराला तुलनेने सोपा जातो, कारण आतलं घड्याळ बहुतेकांमध्ये चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. दुसऱ्या दिवशी भाचा ताजातवाना होता, मीही बराचसा.

सहावा दिवस : हाउन्सलो हीथ आणि व्हिक्टोरिया

हीथ्रोच्या पूर्वेला काही किलोमीटरवर हाउन्सलो हीथ आहे. आज गवत, झुडपं आणि पायवाटांचं राखीव रान. १९१९ मध्ये हा विमानतळ होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडन-पॅरिस रोजची सेवा इथून सुरू झाली आणि १२ नोव्हेंबरला रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ, शायर्स आणि बेनेट या दोन मेकॅनिकना घेऊन, व्हिकर्स व्हिमी विमानातून ऑस्ट्रेलियाला निघाले. ऑस्ट्रेलियन सरकारने तीस दिवसांत पोचणाऱ्याला दहा हजार पौंडांचं बक्षीस लावलं होतं. विमान उघडं, वरून पाऊस आणि बर्फ. कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता करत ते पुढे गेले. कलकत्त्याच्या रेसकोर्सवरून उडताना घार पंख्याला धडकली. सुराबायाला चाकं चिखलात रुतली, तेव्हा तिथल्या लोकांनी बांबूच्या चटया आणून अंथरल्या आणि त्यावरून विमान उडालं. १० डिसेंबरला डार्विन. एकूण २७ दिवस २० तास, त्यात प्रत्यक्ष उडण्याचे १३५ तासांहून थोडे जास्त.

हा शेवटचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. अठ्ठावीस दिवसांतले जेमतेम सहा दिवस हवेत, बाकी सगळा काळ जमिनीवर : इंधन भरणं, दुरुस्ती, हवामानाची वाट बघणं. गेल्या शंभर वर्षांत विमानाचा वेग पाच-सहा पटींनी वाढला, पण एकूण वेळ पस्तीस-चाळीस पटींनी कमी झाला, तो मुख्यतः हे थांबे गेल्यामुळे.

दुपारी व्हिक्टोरिया. स्टेशनजवळ मनोऱ्याची एक पांढरट इमारत आहे. १९३९ मध्ये इम्पीरियल एअरवेजने ती बांधली. प्रवासी इथे सामान देऊन रेल्वेने साउदम्प्टनला जात आणि तिथे पाण्यावरच्या विमानात बसत. रोझ बेच्या वाटेचं हे दुसरं टोक. दारावर पंख पसरलेलं शिल्प अजून आहे, आत आता सरकारी लेखापरीक्षण कार्यालय आहे.

सातवा दिवस : ग्रिनिच

थोडक्यात सांगतो. १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेने ग्रिनिचची रेषा शून्य रेखांश मानली. तिथे फोनवरचं जीपीएस बघितलं तर शून्य त्या पट्टीवर येत नाही, सुमारे १०२ मीटर पूर्वेला येतं. आताची मोजणी पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्रापासून होते, म्हणून हा फरक. वैमानिक आजही अंतर नॉटिकल मैलात मोजतात, १,८५२ मीटरचा एक. तो अक्षांशाच्या एका मिनिटाइतका म्हणून ठरला. सिडनी-लंडन सुमारे ९,१९० नॉटिकल मैल. भाचा दोन्ही पाय रेषेच्या दोन बाजूंना ठेवून उभा राहिला, तसे तिथे सगळेच राहतात.

परतीचे दिवस : सिंगापूरमार्गे

हीथ्रोहून रात्री साडेआठला निघालो. गेट सोडल्यापासून उड्डाणापर्यंत पंचवीस मिनिटं सरपटलो. हीच ती ब्लॉक टाइममधली वेळ. जुलैमध्ये लंडनचा सूर्य सव्वानऊला मावळतो, त्यामुळे चढताना अजून ऊन होतं. या वेळी आम्ही सूर्योदयाच्या दिशेने पळत होतो. तुर्कस्तानच्या पुढे, कॅस्पियनजवळ पहाट झाली. जेमतेम चार तासांची रात्र! जाताना सतरा आणि येताना चार. मध्य आशियापर्यंत पाठीमागून पश्चिमी वारा होता, पण उत्तर भारत ओलांडून बंगालच्या उपसागरावर आलो तसा जाताना मदतीला आलेला तोच पूर्वेचा वारा आता समोरून आला आणि वेग उतरला. पूर्वेकडे जाताना नेहमी लवकर पोचतो असं सरसकट म्हणतात ते म्हणूनच पूर्ण खरं नाही, अक्षांश आणि महिना बघावा लागतो. सिंगापूरला तेरा तास दहा मिनिटांनी उतरलो, तिथे दुपारचे पावणेपाच.

पुढचं विमान रात्री साडेआठला. आम्हाला आधी वाटलं की ही वेळ प्रवाशांच्या सोयीची असेल. खरं कारण सिडनीत आहे. सिडनी विमानतळावर रात्री अकरा ते सकाळी सहा उड्डाणबंदी असते, विमानतळाभोवतीच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून. आणखी तासभर आधी निघालो असतो तर पहाटे आभाळात घिरट्या घालत थांबावं लागलं असतं. म्हणजे सिंगापूरला किती वेळ बसायचं हे सिडनीतल्या घरांनी ठरवलेलं. मला ते योग्य वाटतं.

ऑस्ट्रेलियाचा वायव्य किनारा ओलांडल्यावर तो जुना पश्चिमी जेट पुन्हा भेटला, या वेळी पाठीमागून. वेग ताशी १,०३० किलोमीटर. जाताना याच वाऱ्यात आम्ही ७०० ने रखडलो होतो. सिडनीत चाकं टेकली तेव्हा सहा वाजून काही मिनिटं झाली होती.

भाच्याने वहीत मांडलेला हिशोब असा. जाताना उड्डाणं बावीस तास तीस मिनिटांची, येताना वीस तास पन्नास मिनिटांची. हीथ्रोच्या गेटपासून सिडनीच्या गेटपर्यंत थांब्यासकट चोवीस तास चाळीस मिनिटं, पण मधल्या नऊ तासांच्या फरकामुळे घड्याळात तेहेतीस तास चाळीस मिनिटं सरली. मंगळवारी संध्याकाळी निघालेले गुरुवारी सकाळी पोचलो.

वहीचं पुढचं पान त्याने रिकामं ठेवलं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये क्वांटासने लंडन-सिडनी थेट चाचणी केली, बोइंग ७८७-९ मधून, सुमारे पन्नास माणसं घेऊन, १९ तास १९ मिनिटांत. त्यानंतर २०२२ मध्ये त्यांनी बारा एअरबस ए३५०-१००० मागवली. यात मागच्या भागात वीस हजार लिटरची जादा टाकी आणि आसनं फक्त २३८. त्या योजनेचं नाव प्रोजेक्ट सनराइज, कॅटालिनांच्या त्या दोन सूर्योदयांवरून. त्या विमानात बसायचं ते लंडनहून सिडनीच्या दिशेने, आणि जानेवारीत, असं आमचं ठरलं आहे. तेव्हा उत्तर गोलार्धातला पश्चिमी जेट जोरात असतो आणि मान्सूनमधला पूर्वेचा जेट नसतो.